साडेदहाचा सामना: पॅक-१२ कॉन्फरन्स कशी मोडली

कॅलिफोर्नियात शनिवारी संध्याकाळी साडेसातला फुटबॉलचा सामना सुरू होतो तेव्हा पुण्यात रविवारचे सकाळचे आठ वाजलेले असतात. पोह्यांची बशी घेऊन बघायला याहून सोयीची वेळ शोधून सापडणार नाही. पण न्यूयॉर्कमध्ये त्या क्षणी रात्रीचे साडेदहा असतात, आणि कॉलेज फुटबॉलचा सामना आरामात साडेतीन तास चालतो. म्हणजे तिकडच्या माणसाला निकाल बघायचा तर दोनपर्यंत जागायला हवं. अमेरिकेची जवळपास निम्मी वस्ती न्यूयॉर्कच्या घड्याळावर चालते. शिकागो-डॅलसची वेळ त्यात मिळवली की तीन चतुर्थांशाच्या वर लोक होतात. पॅसिफिक किनाऱ्याच्या वाट्याला उरतो जेमतेम सहावा हिस्सा.

हे गणित पॅक-१२ कॉन्फरन्सच्या पाचवीलाच पुजलेलं होतं. १९१५ साली ऑरेगनमधल्या पोर्टलंडला या संघटनेचा पाया घातला गेला. चार विद्यापीठांची पुढे आठ झाली, १९७८ मध्ये दहा आणि २०११ मध्ये बारा. सगळे खेळ धरले तर राष्ट्रीय अजिंक्यपदांची संख्या पाचशेच्या पुढे. ‘कॉन्फरन्स ऑफ चँपियन्स’ ही त्यांची बिरुदावली पोकळ नव्हती. पण २०२२ च्या जूनमध्ये यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या दोन सभासदांनी निरोप घेतला, आणि २७ जुलै ते १ सप्टेंबर २०२३ या छत्तीस दिवसांत आणखी आठ जण गेले. मागे राहिले दोघं.

ही कॉन्फरन्स का मोडली, याचं सर्रास दिलं जाणारं उत्तर म्हणजे ‘रात्री उशिरा पश्चिमेचं फुटबॉल बघतं कोण?’ हे उत्तर मला पटत नाही. घड्याळ १९१५ मध्येही तेच होतं आणि २०११ मध्येही तेच. तरी २०११ मध्ये याच कॉन्फरन्सला तोवरचा सगळ्यात मोठा टीव्ही करार मिळाला. बदललं ते टीव्हीवाल्यांचं माप. आधी ते घरं मोजत होते, मग डोळे मोजू लागले, आणि शेवटी एका खरेदीदाराने वर्गणीदार मोजायचं ठरवलं. बारा वर्षांत तीन मापं आली, आणि पॅक-१२ दर वेळी आदल्या मापाने हिशेब मांडत राहिली.

आधी थोडी ओळख

इथे फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा अमेरिकन खेळ. विद्यापीठांचे संघ तो खेळतात, स्टेडियममध्ये लाखभर माणसंही जमतात, आणि या एका खेळाच्या पैशावर पोहणं, कुस्ती, व्हॉलीबॉल, जिम्नॅस्टिक्स असे कमाई नसलेले वीसेक संघ पोसले जातात. कॉन्फरन्स म्हणजे दहाबारा विद्यापीठांची एकत्र मांडलेली चूल. एकमेकांशी खेळायचं, टीव्हीचे हक्क एकत्र विकायचे, आलेला पैसा वाटून घ्यायचा.

आपल्याकडे हा प्रकार समजावताना लोक आयपीएलचं उदाहरण देतात, पण ते थोडं फसवं आहे. आयपीएलचा विक्रेता एकच, मुंबईत बसलेलं क्रिकेट मंडळ. जून २०२२ मध्ये त्यांनी पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले, टीव्ही एकाला आणि डिजिटल दुसऱ्याला. घेणारे भांडले, विकणाऱ्यात भांडण असायचं कारणच नव्हतं. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्येही १९८४ पर्यंत असा एकच विक्रेता होता. एनसीएए ही मध्यवर्ती संस्था ठरवायची की कुठला संघ वर्षात किती वेळा टीव्हीवर दिसेल. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी त्याविरुद्ध दावा लावला, सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी एनसीएएची ही मक्तेदारी मोडून काढली. त्या दिवसापासून विक्रेते अनेक झाले. एकदा अनेक विक्रेते झाले की खरेदीदाराला मालाबरोबर दुकानंही हलवता येतात, ही गोष्ट पुढच्या चाळीस वर्षांत हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आली.

घरं मोजायचे दिवस

२००९ मध्ये कॉन्फरन्सचे आयुक्त म्हणून लॅरी स्कॉट आले. आधी ते महिला टेनिसची संघटना चालवत होते. फुटबॉलच्या वर्तुळाबाहेरचा माणूस, म्हणून त्यांची उडीही मोठी. २०१० मध्ये त्यांनी टेक्सस, ओक्लाहोमा वगैरे मंडळींना ओढून सोळा सभासदांची कॉन्फरन्स करायचा घाट घातला. टेक्सस आलं नाही; शेवटी कोलोरॅडो आणि युटा आले. २०११ मध्ये ईएसपीएन आणि फॉक्सबरोबर बारा वर्षांचा, सुमारे ३०० कोटी डॉलरचा करार झाला. तेव्हा स्कॉट यांचं कौतुक करताना वर्तमानपत्रं थकत नव्हती, हे विसरून चालणार नाही.

त्याच जोरावर ऑगस्ट २०१२ मध्ये पॅक-१२ नेटवर्क निघालं. एक राष्ट्रीय वाहिनी आणि सहा प्रादेशिक, एकूण सात. आणि सगळी मालकी कॉन्फरन्सची. हा मुद्दा इथे कळीचा आहे. बिग टेन या मध्यपश्चिमेतल्या कॉन्फरन्सने २००७ मध्ये स्वतःची वाहिनी काढली ती फॉक्सला भागीदार घेऊन. दक्षिणेतल्या एसईसीने २०१४ मध्ये काढली ती ईएसपीएनच्या छत्राखाली. ईएसपीएन केबल कंपनीला सांगू शकायचं की आमची मुख्य वाहिनी हवी असेल तर ही पण घ्या. पॅक-१२ च्या हातात असं काही नव्हतं. डायरेक्टटीव्ही या मोठ्या उपग्रह सेवेने त्यांची वाहिनी कधीच घेतली नाही, शेवटच्या दिवसापर्यंत नाही.

केबलच्या काळातला धंदा समजून घेतला तर ही मालकीची हौस वेडेपणाची वाटत नाही. वाहिनी ‘बेसिक पॅक’मध्ये असली की बघणारा असो नसो, प्रत्येक घरामागे दरमहा ठरावीक पैसे मिळायचे. बिग टेनने २०१२ मध्ये रटगर्स आणि मेरीलँड यांना बोलावलं ते फुटबॉलच्या प्रेमापोटी नव्हे. रटगर्सबरोबर न्यूयॉर्क परिसरातली घरं येत होती आणि मेरीलँडबरोबर वॉशिंग्टन डीसीची. त्या हिशेबात लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, सिॲटल, फीनिक्स, डेन्व्हर ही शहरं म्हणजे सोन्याची खाण. स्कॉट यांचा अंदाज चुकला तो दोन जागी. घरं आपोआप मिळतील असं त्यांनी धरलं, आणि लोक केबल तोडायला लागतील हे धरलं नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या मध्यात घेतलेलं महागडं कार्यालय, आयुक्तांचा वर्षाला पन्नास लाख डॉलरच्या आसपासचा पगार, यावर पुढे भरपूर शाई खर्ची पडली. माझ्या मते ती चूक डोळ्यांत भरणारी होती, जीवघेणी नव्हती. जीवघेणी गोष्ट शांतपणे घडत होती: दर हंगामात पस्तीसेक फुटबॉल सामने अशा वाहिनीवर जात होते जी निम्म्या देशाला दिसतच नव्हती, आणि जिच्यावरच्या सामन्यांचे, प्रेक्षक मोजणाऱ्या नील्सन कंपनीचे आकडेही जाहीर होत नसत. ज्या काळात बाकीचे संघ आपली प्रेक्षकसंख्या छातीवर बिल्ल्यासारखी लावून फिरायला लागले, त्या काळात पॅक-१२ चे कितीतरी सामने मोजदादीतच आले नाहीत.

मैदानावरही दिवस बरे नव्हते. चार संघांचं राष्ट्रीय प्लेऑफ २०१४ च्या हंगामात सुरू झालं. पहिल्याच वर्षी ऑरेगन अंतिम फेरीत गेलं, २०१६ मध्ये सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने उपांत्य सामना खेळला, आणि नंतर सहा हंगाम या कॉन्फरन्समधून कोणीच नाही.

दारात कोण उभं होतं

जुलै २०२१ मध्ये बातमी फुटली: टेक्सस आणि ओक्लाहोमा हे बिग १२ या आणखी एका कॉन्फरन्सचे दोन आधारस्तंभ एसईसीत निघाले. बिग १२ च्या उरलेल्या आठ विद्यापीठांची अवस्था घरमालकाने नोटीस दिलेल्या भाडेकरूंसारखी झाली. पॅक-१२ चे नवे आयुक्त जॉर्ज क्लियाव्हकॉफ याच महिन्यात रुजू झाले होते, तेही लास व्हेगासच्या मनोरंजन व्यवसायातून. त्यांच्यासमोर सरळ संधी होती. यातल्या दोन-चार चांगल्या संघांना घ्यायचं, सेंट्रल वेळेतले दुपारचे सामने मिळवायचे, घड्याळाचा जुना प्रश्न थोडा हलका करायचा. ऑगस्टच्या अखेरीस कॉन्फरन्सने जाहीर केलं की विस्तार करायचा नाही.

त्याऐवजी झाली ‘अलायन्स’. पॅक-१२, बिग टेन आणि एसीसी या तीन कॉन्फरन्सनी २४ ऑगस्ट २०२१ रोजी एकत्र येऊन सांगितलं की आम्ही एकमेकांना धरून राहू. सही केलेला कागद कुठे आहे, असं पत्रकारांनी विचारलं तर उत्तर आलं की कागदाची गरज नाही, शब्द पुरेसा आहे. दहा महिन्यांनी, ३० जून २०२२ रोजी, त्याच बिग टेनने यूएससी आणि यूसीएलएला आपल्यात घेतलं. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. इथे आधी वासे फिरले.

लॉस एंजेलिस ही देशातली दोन नंबरची टीव्ही बाजारपेठ. पण २०२२ मध्ये बिग टेनला हवी होती ती तिथली केबलची घरं नव्हेत. त्यांना हवे होते यूएससी विरुद्ध ओहायो स्टेट, यूएससी विरुद्ध मिशिगन असे सामने, जे मोफत दिसणाऱ्या मोठ्या वाहिनीवर शनिवारी लावले की देशभर लोक टीव्हीसमोर बसतात. ऑगस्टमध्ये त्यांनी फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या तिघांशी मिळून सात वर्षांचा ७०० कोटी डॉलरच्या वरचा करार केला. दुपारी बाराला फॉक्स, साडेतीनला सीबीएस, रात्री एनबीसी. ईएसपीएन या करारात नव्हतं, चाळीस वर्षांत पहिल्यांदा. माप बदलल्याची याहून मोठी खूण नको: मोजणी घरांची राहिली नव्हती, एका जोडीला किती डोळे मिळतात याची होती.

यूसीएलएच्या बाबतीत आणखी एक गाठ होती. ते आणि बर्कलीचं कॅल ही एकाच सरकारी विद्यापीठ-व्यवस्थेची लेकरं. एकाने दुसऱ्याला सोडून जावं का, यावर नियामक मंडळ डिसेंबर २०२२ पर्यंत खल करत बसलं आणि शेवटी यूसीएलएने कॅलला दरवर्षी काही पैसे द्यावेत या अटीवर परवानगी दिली. म्हणजे जवळजवळ सहा महिने पॅक-१२ ला आपण नेमकं किती संघांचे हक्क विकतोय हेच ठामपणे सांगता येत नव्हतं.

तीन कोटी की पाच कोटी

आता या प्रकरणाच्या गाभ्याकडे. जुलै २०२२ मध्ये दहा संघ उरले होते, तेव्हाचा करार २०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत होता, आणि वाटाघाटी सुरू झाल्या. नंतर आलेल्या अनेक बातम्यांनुसार ईएसपीएनने त्या शरद ऋतूत प्रत्येक विद्यापीठामागे वर्षाला सुमारे तीन कोटी डॉलर देऊ केले. विद्यापीठांच्या अध्यक्षांनी पाच कोटींचा आकडा पुढे केला. ईएसपीएन उठून गेलं.

पाच कोटी का? कारण शेजारच्या घरात तेवढे येत होते. बिग टेनने २०२१-२२ मध्ये सभासदांना पावणेसहा कोटींच्या वर वाटले होते, पॅक-१२ ने ३ कोटी ७० लाखांच्या आसपास. अंतर बघून वाटणारी तळमळ मला समजते, पण शेजाऱ्याचं उत्पन्न हे आपल्या मालाचं मोल नसतं. यूएससी आणि यूसीएलए गेल्यावर शनिवारी दुपारी देशभर दाखवता येतील असे किती सामने उरले? ऑरेगन-वॉशिंग्टन एक. युटाचे एखाददोन. स्टॅनफर्ड त्या वेळी हरत होतं. हा हिशेब एका पानाचा होता.

आणि इथे ब्रेट यॉरमार्क शिरले. ऑगस्ट २०२२ मध्ये ते बिग १२ चे आयुक्त झाले. त्यांचा करार पॅक-१२ च्या कराराच्या एक वर्षानंतर, २०२५ मध्ये संपणार होता; रांगेत ते मागे होते. त्यांनी ईएसपीएन आणि फॉक्सला सांगितलं की आपण आत्ताच बोलू. ऑक्टोबर अखेरीस सहा वर्षांचा २२८ कोटी डॉलरचा करार झाला, विद्यापीठामागे वर्षाला ३ कोटी १७ लाख. टेक्सस आणि ओक्लाहोमा जाऊनसुद्धा. वर्षभरापूर्वी ज्यांना पॅक-१२ ने दारात उभं केलं नव्हतं, ते आता आत बसले आणि त्यांनी दार लावून घेतलं. दोन खरेदीदारांच्या खिशातला पैसा त्या आठवड्यात संपत आला होता, हे पॅक-१२ च्या अध्यक्षांना कोणी स्पष्ट सांगितलं की नाही, कोण जाणे. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं याचं इतकं धडधडीत उदाहरण व्यवसायाच्या वर्गात शोधूनही मिळणार नाही.

पॅक-१२ चा खरा हुकमाचा पत्ता साडेदहाचा सामना हाच होता, हे ऐकायला विचित्र वाटेल. ईएसपीएनला शनिवारी दुपारी बारापासून मध्यरात्रीपर्यंत पडदा भरायचा असतो आणि शेवटचा सामना फक्त पश्चिमेचे संघ देऊ शकतात. ज्याची सगळे टिंगल करायचे तीच वेळ दुसऱ्या कुठल्याच मोठ्या कॉन्फरन्सकडे नव्हती. पण बिग १२ मध्ये २०२३ पासून युटा राज्यातलं ब्रिगहम यंग विद्यापीठ येत होतं, आणि आणखी दोन-तीन पश्चिमेचे संघ मिळाले तर हा पत्ताही यॉरमार्क यांच्या हातात जाणार होता. मोल ओळखलं ते विकत घेणाऱ्याने, बाळगणाऱ्याने नाही.

२०२३ उजाडलं आणि हवा आणखी बिघडली. जानेवारीत कळलं की कॉमकास्ट या केबल कंपनीने पॅक-१२ नेटवर्कला दहा वर्षांत सुमारे पाच कोटी डॉलर जास्तीचे दिले होते, ते परत करावे लागणार. दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांना काढण्यात आलं. ईएसपीएनची मालक डिस्ने सात हजार नोकऱ्या कमी करत होती. ‘लवकरच करार होईल’ हे वाक्य मार्चमध्ये ऐकू आलं, मे महिन्यात ऐकू आलं. २१ जुलैला लास व्हेगासच्या वार्षिक पत्रकार मेळाव्यात क्लियाव्हकॉफ म्हणाले की जितके थांबतो तितके पर्याय चांगले होत आहेत. सहाव्या दिवशी कोलोरॅडोने बिग १२ मध्ये परतण्याचा ठराव केला.

वर्गणीदार मोजणारा

१ ऑगस्टला अध्यक्षांपुढे अखेर एक प्रस्ताव आला, ॲपलचा. बातम्यांनुसार माणशी सुमारे अडीच कोटी डॉलरची हमी, आणि किती लोक वर्गणी भरतात त्यावर वाढती रक्कम. सामने जवळजवळ सगळे ॲपलच्या ॲपवर. ॲपलने त्याच वर्षी मेजर लीग सॉकरशी दहा वर्षांचा असा करार सुरू केला होता, आणि जुलैत मेस्सी मायामीत आल्यावर वर्गणीदार वाढले होते. कागदावर हा प्रस्ताव मूर्खपणाचा नव्हता.

पण मेस्सी एक होता आणि तो सॉकरकडे होता. विद्यापीठांना ऐकू आलं ते असं की आता आपणच घरोघर जाऊन वर्गणी गोळा करायची. प्रशिक्षकांना वेगळी भीती होती. टेक्ससमधला सतरा वर्षांचा खेळाडू आणि त्याची आजी आपला संघ ईएसपीएनवर सहज बघू शकणार नसतील, तर तो मुलगा आपल्याकडे येईल कशाला? दहा वर्षं न दिसणाऱ्या वाहिनीचा अनुभव घेतलेल्या लोकांना पुन्हा एका भिंतीआड जायचं नव्हतं. ॲपलच्या प्रस्तावावर टीका करताना हा मागचा चटका बहुतेक लोक विसरतात.

४ ऑगस्ट, शुक्रवार. सकाळी उरलेल्या नऊ जणांची बैठक ठरली होती, हक्क कॉन्फरन्सकडे सोपवण्याच्या करारावर सह्या करण्यासाठी. आदल्या रात्रीपर्यंत अनेकांना वाटत होतं की सह्या होतील. सकाळी वॉशिंग्टनने कळवलं की ते बिग टेनमध्ये जात आहेत, पाठोपाठ ऑरेगन. संध्याकाळपर्यंत ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ मध्ये गेले. वॉशिंग्टन आणि ऑरेगनला बिग टेनकडून मिळालेला हिस्सा जुन्या सभासदांच्या निम्म्याच्या आसपास होता, सुरुवातीला वर्षाला तीन कोटी डॉलर अशा बातम्या होत्या. म्हणजे नऊ-दहा महिन्यांपूर्वी ईएसपीएनने देऊ केलेलाच आकडा, फक्त आता तो घेण्यासाठी न्यू जर्सीपर्यंत विमानाने जायचं होतं. फुटबॉलचा संघ वर्षातून चार-पाचदा जाईल. सॉफ्टबॉल, व्हॉलीबॉलच्या मुली मधल्या आठवड्यात परीक्षा सांभाळून जवळजवळ चार हजार किलोमीटर जातील, हा भाग त्या शुक्रवारी कोणी फारसा बोललं नाही.

स्टॅनफर्ड आणि कॅल महिनाभर दारं ठोठावत राहिले. १ सप्टेंबरला एसीसीने, म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सने, त्यांना घेतलं: पहिली सात वर्षं तीस टक्के हिश्श्यावर. डॅलसच्या एसएमयूने तर नऊ वर्षं टीव्हीचा एक पैसाही घेणार नाही असं कबूल करून त्याच दिवशी प्रवेश मिळवला. जगातल्या नामवंत विद्यापीठांपैकी दोन, आणि भाव तीस टक्के. संशोधन, नोबेल, ऑलिंपिक पदकं यांचं या बाजारातलं वजन त्या एका आकड्यात आलं.

मग बघत होतं कोण?

मोडण्याचा निर्णय झाल्यावर पॅक-१२ चा शेवटचा हंगाम सुरू झाला, आणि लोकांनी तो डोळे भरून बघितला. कोलोरॅडोने डिऑन सँडर्स या एनएफएलमधल्या, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलमधल्या, जुन्या ताऱ्याला प्रशिक्षक नेमलं होतं. १६ सप्टेंबरला कोलोरॅडो विरुद्ध कोलोरॅडो स्टेट हा सामना न्यूयॉर्कच्या घड्याळाने रात्री दहाला सुरू झाला, दोनदा जादा वेळेत गेला, दोन वाजून गेल्यावर संपला. ईएसपीएनवर सरासरी ९३ लाख लोक. रात्री उशिरा बघतं कोण, याचं हे उत्तर. आठवड्याने ऑरेगनने कोलोरॅडोला ४२-६ असं धुतलं तेव्हा एबीसीवर एक कोटीच्या वर प्रेक्षक होते. १ डिसेंबरला लास व्हेगासला शेवटच्या अजिंक्यपदासाठी वॉशिंग्टनने ऑरेगनला ३४-३१ हरवलं, तेही ९० लाखांहून जास्त लोकांनी पाहिलं. वॉशिंग्टन राष्ट्रीय अंतिम सामन्यात मिशिगनकडून हरलं. तो सामना अडीच कोटी लोकांनी.

हे आकडे दाखवून ‘बघा, प्रेक्षक होते!’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. होते, पण ते एका माणसाचे, एका जोडीचे होते. सँडर्स यांच्या आधीच्या वर्षी कोलोरॅडो बारापैकी अकरा सामने हरलं होतं आणि त्यांचे सामने घरच्यांशिवाय फारसं कोणी बघत नव्हतं. त्याच नोव्हेंबरात मिशिगन-ओहायो स्टेटने एक कोटी नव्वद लाख खेचले, दुपारी बाराला, म्हणजे लॉस एंजेलिसमध्ये सकाळी नऊला. ती जोडी जवळजवळ दरवर्षी एक कोटीच्या वर खेचते, प्रशिक्षक कोणीही असो. टीव्हीवाला पुढच्या सात वर्षांचा पैसा आज देतो, तेव्हा तो असं दरवर्षीचं पीक बघतो. एखाद्या साली उसाला आलेला भाव बघून कोणी जमिनीची किंमत ठरवत नाही.

मागे उरलेले दोघं म्हणजे पुलमनचं वॉशिंग्टन स्टेट आणि कोर्वालिसचं ऑरेगन स्टेट. दोन्ही छोटी गावं, दोन्ही शेतकी परंपरेची सरकारी विद्यापीठं. गंमत म्हणजे २३ सप्टेंबरला, ऑरेगन-कोलोरॅडोच्याच दिवशी, हे दोघं एकमेकांशी खेळले तेव्हा दोघंही राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या पंचविसात होते. वॉशिंग्टन स्टेट ३८-३५ ने जिंकलं. त्यांना कोणी सोडलं नव्हतं खेळ वाईट म्हणून. गाव लहान म्हणून, चाहते कमी म्हणून.

पण कोर्टात त्यांनी चोख काम केलं. नियम असा होता की जो सभासद मुदतीआधी सोडून जाण्याची नोटीस देतो तो संचालक मंडळावरचं मत गमावतो. जाणाऱ्या दहा जणांना जायचंही होतं आणि शेवटच्या वर्षीच्या तिजोरीवर मतही द्यायचं होतं. वॉशिंग्टन राज्यातल्या व्हिटमन काउंटीच्या न्यायाधीशांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये कौल दिला की मंडळ आता या दोघांचं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबरात त्यात हात घालायला नकार दिला. तडजोडीत जाणाऱ्यांनी मिळून सुमारे साडेसहा कोटी डॉलर सोडले. नाव, तिजोरी आणि १०८ वर्षांचं दप्तर दोघांच्या ताब्यात आलं. २०२४ मध्ये त्यांनी दोन संघांची कॉन्फरन्स चालवली, बहुतेक घरचे सामने सीडब्ल्यू वाहिनीला दिले, आणि त्याच सप्टेंबरात बॉइसी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, कोलोरॅडो स्टेट यांना २०२६ पासूनचं आवतण दिलं. पुढे युटा स्टेट, टेक्सस स्टेट आणि फुटबॉल नसलेलं गोंझागा आलं. २०२५ मध्ये सीबीएसशी करारही झाला. पॅक-१२ नेटवर्क ३० जून २०२४ ला बंद पडलं, पण सॅन रामोनमधला त्यांचा स्टुडिओ चालू राहिला. तो आता दुसऱ्यांचे सामने तयार करून देतो. मालकी हक्काची सगळी हौस फिटल्यावर टिकलं ते हातातलं कसब.

दोष कोणाचा, यावर अजून वाद चालतो. स्कॉट यांच्याकडे बोट दाखवणं सगळ्यात सोपं आहे. ते उर्मट होते, खर्चिक होते. पण त्यांच्या चुकांसकट ही कॉन्फरन्स २०२२ च्या सप्टेंबरात जिवंत होती आणि तिच्यापुढे तीन कोटींची बोली होती. यूएससी गेलं ते कुठल्याही आयुक्ताला अडवता आलं नसतं, असंही मला वाटतं. अडवता आली असती ती त्यानंतरची पडझड. तीन कोटींवर सह्या झाल्या असत्या तर हक्क पाच-सहा वर्षांसाठी बांधले गेले असते, कोलोरॅडोला निघायला कारण उरलं नसतं, आणि कोलोरॅडो निघालं नसतं तर बाकीचे कदाचित थांबले असते. क्लियाव्हकॉफ यांना सगळे शिव्या घालतात, पण आयुक्त नोकर असतो. पाच कोटींचा आकडा ज्या खोलीत ठरला त्या खोलीत विद्यापीठांचे अध्यक्ष बसले होते. त्यातले बहुतेक नंतर आपापल्या नव्या कॉन्फरन्सच्या बैठकीला वेळेवर हजर झाले.

५ ऑक्टोबर २०२४ ला ईएसपीएनचा ‘कॉलेज गेमडे’ हा शनिवार सकाळचा कार्यक्रम पहिल्यांदाच बर्कलीत आला. पॅक-१२ च्या काळात एकदाही न आलेला हा मांडव आता आला, कारण कॅल एसीसीत होतं आणि मायामी पाहुणं. कार्यक्रम पूर्वेच्या नऊला सुरू होतो, म्हणून विद्यार्थी अंधारातच येऊन उभे राहिले. गर्दीत नेहमीप्रमाणे वॉशिंग्टन स्टेटचा किरमिजी झेंडाही होता. २००३ पासून त्या विद्यापीठाचे चाहते या कार्यक्रमाच्या प्रत्येक भागात तो फडकवतात, संघ असो नसो. रात्री सामना झाला. कॅलने पंचवीस गुणांची आघाडी घालवली आणि ३८-३९ असं एका गुणाने हरलं. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचा तो सामना सुरू झाला तेव्हा अटलांटिक किनाऱ्यावर रात्रीचे साडेदहा वाजले होते.